भूमी जे खात नाही

मराठी वाङ्मयेतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत दर काही पानांनी एक मेढ रोवलेली आढळते. कोणी आधुनिक कवितेची मुहूर्तमेढ रोवली, कोणी सामाजिक कादंबरीची, कोणी संगीत नाटकाची. विद्यार्थी ते पाठ करतात, आम्ही शिक्षक त्याला गुण देतो. आणि मेढ म्हणजे काय, ती कशाची असते, कशात रोवतात, हे विचारण्याची गरज दोघांनाही भासत नाही. मेढ म्हणजे मांडवाचा खांब. लग्नमुंजीच्या मांडवाचा पहिला खांब मुहूर्त पाहून रोवतात. उंबराची फांदी, आंब्याचे टाळे, खड्ड्यात हळदकुंकू, अक्षता, सुपारी, एखादे नाणे असा त्याचा थाट असतो. कार्य उरकले की मेढ उपटली जाते. चार दिवसांसाठी रोवलेल्या खांबावरून आपण चिरस्थायी कार्याच्या आरंभाचे रूपक घेतले, ही भाषेची एक गंमतच म्हटली पाहिजे. वर्षानुवर्षे उभा राहावा म्हणून जो खांब जमिनीत रोवतात, तो निराळा. तो कुंपणाचा खांब. त्याला मुहूर्त नसतो, अक्षता नसतात आणि वाङ्मयेतिहासात जागाही नसते.

प्रस्तुत लेखात आम्हांला या दुसऱ्या खांबाचा, त्यातही त्याच्या जमिनीखालच्या भागाचा, इतिहास पाहायचा आहे. खड्डा खणला, लाकूड उभे केले. आता भोवती काय भरावे? खणून काढलेली माती, मुरूम, दगडाच्या कपच्या, वाळू, खडी की सिमेंट? वरवर पाहता हा एका दिवसाच्या मजुरीचा प्रश्न आहे. परंतु पुणे जिल्ह्यातल्या घोड नदीच्या खोऱ्यात तो किमान तीन हजार वर्षे विचारला जात आला आहे आणि त्याची उत्तरे जमिनीत, कातळात, शास्त्रग्रंथांत आणि बोलीत साठलेली आहेत. ही उत्तरे एकत्र वाचली की एक गोष्ट स्पष्ट होते. खांबाचे आयुष्य जितके लाकडावर अवलंबून असते, तितकेच, किंबहुना काकणभर अधिक, त्याच्या भोवतीच्या भरावावर अवलंबून असते.

आंबेगाव तालुक्यातले अवसरी बुद्रुक हे गाव या विचाराला सोयीचे आहे. बुद्रुक हा 'बुजुर्ग' या फारसी शब्दाचा मराठी अवतार. खुर्द म्हणजे धाकटे. अवसरी बुद्रुक आणि अवसरी खुर्द अशी थोरली-धाकटी जोडी शेजारी नांदते. एकाच नावाची दोन गावे झाली म्हणजे त्यांच्यामध्ये कधीतरी एक शीव पडली. आणि शीव पडली की ती जमिनीवर दाखवण्याचा प्रश्न आला. मंचरच्या बाजारपेठेजवळचा हा भाग आज भाजीपाल्याचा आणि उसाचा आहे. घोड नदीवरच्या डिंभे धरणाने तालुक्याच्या पूर्व भागाला कालव्याचे पाणी मिळाले. त्याच धरणाच्या जलाशयात तालुक्याला नाव देणारे मूळ आंबेगाव बुडाले. पाण्याने शिवार बदलले, आणि शिवारातल्या लाकडी खांबाचे नशीबही बदलले. ते कसे, हे समजण्यासाठी लाकूड कुजते कुठे, हे आधी पाहिले पाहिजे.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला लाकडाखेरीज दोन गोष्टी लागतात, ओल आणि हवा. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताखालच्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत, कारण त्यांना हवा आहे पण ओल नाही. मेगॅस्थेनिसने वर्णिलेल्या पाटलिपुत्राच्या लाकडी तटाचे अवशेष पाटण्याजवळ बुलंदीबाग येथील उत्खननात सापडले, कारण ते पाणथळ मातीत गाडले गेले होते. तिथे ओल होती पण हवा पोचत नव्हती. कोरडे लाकूड दोन हजार वर्षे टिकते, बुडालेले लाकूडही दोन हजार वर्षे टिकते. आणि बांधावर रोवलेली बाभळीची बल्ली काही पावसाळ्यांतच मोडते. ती वर मोडत नाही आणि खड्ड्याच्या तळाशीही मोडत नाही. ती मोडते जमिनीच्या अगदी ओठाशी, चार बोटे वर आणि वीतभर खाली, जिथे ओल आणि हवा यांची गाठ पडते. वाळवीचा शिरकावही बहुधा इथूनच होतो. कुंपणाच्या खांबाचा सगळा इतिहास म्हणजे या वीतभर पट्ट्याशी माणसाने केलेली झुंज होय.

या झुंजीचा या खोऱ्यातला सर्वांत जुना पुरावा घोड नदीच्याच काठी, शिरूर तालुक्यात इनामगावला मिळाला. डेक्कन कॉलेजच्या वतीने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन झाले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची ही वसाहत. त्यांची घरे कुडाची होती. कूड गेला, छप्पर गेले, खांब तर केव्हाच मातीमोल झाले. मग घरांचे आकार कळले कसे? त्यात मोठा वाटा खांबांच्या खड्ड्यांचा आहे. खांब कुजून गेला तरी तो जिथे उभा होता तिथली भर आजूबाजूच्या चोपलेल्या जमिनीहून रंगाने, पोताने वेगळी राहते. उत्खनक ती भर अलगद उपसतो आणि रिकाम्या खड्ड्यांच्या ओळीवरून घर चौकोनी होते की गोल, हे सांगतो. घोडकाठच्या पहिल्या शेतकऱ्यांचे लाकूड भूमीने खाल्ले, परंतु लाकडाभोवतीचा भराव खाल्ला नाही. इतिहास लिहिला गेला तो भरावावरून.

खांब रोवण्याचे शब्दांतले वर्णन हवे असेल तर वैदिक वाङ्मयाकडे वळावे लागते. शतपथ ब्राह्मणाच्या तिसऱ्या कांडात यज्ञातला यूप, म्हणजे पशू बांधण्याचा खांब, उभारण्याचा विधी आला आहे. मंत्रांचे आवरण क्षणभर बाजूला ठेवून तो वाचला तर त्यात एका कसबी सुताराची पद्धत दिसते. यूपाचा जमिनीत जाणारा भाग, ज्याला 'उपर' म्हणतात, तो न तासता ओबडधोबड ठेवायचा. वरचा भाग मात्र तासून घडवायचा. खड्डा खणून त्यात जव मिसळलेले पाणी शिंपडायचे, दर्भ अंथरायचा, लाकडाचा पहिला ढलपा टाकायचा. मग खांब उभा करून भोवती माती लोटायची, दंडाने ती सर्व बाजूंनी ठासायची, जमिनीच्या पातळीला आणायची आणि वर पाणी ओतायचे. ओबडधोबड बूड मातीला अधिक धरते, ठासलेली भर खांबाला आवळते आणि पाण्याने भुसभुशीत माती खाली बसते. या तिन्ही गोष्टी आजही कोणी जाणता गडी सांगेल. लाकडाची निवड मात्र विधीने निराळ्या तर्काने केली. ऐतरेय ब्राह्मणात खदिर, बिल्व आणि पलाश यांच्या यूपांची फळे वेगवेगळी सांगितली आहेत. यांतला खैर मातीत टिकतो. पळस टिकत नाही. पण यज्ञापुरत्या खांबाला पिढ्यान्‌पिढ्या टिकायचे नसते. मुहूर्तमेढीचे नाते आहे ते या यूपाशी.

हे आपल्या परिसराला परके नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या सातवाहनकालीन लेखात राजसूय, अश्वमेध अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणांची यादी कोरलेली आहे. यज्ञ झाले म्हणजे यूप उभे राहिले असणार. त्यांपैकी एकही उरला नाही. उरली ती कातळावरची यादी. सातवाहनकाळातल्या शिल्पींना लाकडाच्या या नश्वरतेची पक्की जाणीव होती, असे जुन्नर-मावळातली लेणी पाहताना वाटते. त्यांनी दगडात जे कोरले ते लाकडाचेच घर होते, आणि त्या घराभोवतीचे कुंपणही.

लेण्यांच्या दर्शनी भागावर जिकडेतिकडे दिसणारी वेदिका ही नक्षी मुळात कुंपण आहे. उभे स्तंभ, त्यांतून आडव्या ओवलेल्या सूची आणि माथ्यावर उष्णीष अशी तिची रचना; भारहुत-सांचीला ती स्तूपाभोवती प्रत्यक्ष उभी राहिली, तर आपल्याकडे भाजे, बेडसे आणि जुन्नर परिसरात ती बहुतांशी भिंतीवरचे उठावकाम होऊन राहिली. आडव्या दांड्याला 'सूची', म्हणजे सुई, म्हणणारा माणूस खांबाला छिद्र पाडून दांडा ओवणारा असला पाहिजे; शब्दच लाकूडकामाची साक्ष देतो. भाज्याच्या चैत्यगृहातले खांब आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. कातळातून कोरलेल्या खांबाला कलण्याचे काही कारण नाही. लाकडी खांबाला मात्र आहे. छपराचा रेटा त्याला बाहेर ढकलतो, म्हणून सुतार त्याला आधीच आत कलता रोवतो. तारेच्या कुंपणाचा कोपऱ्याचा खांब ताणाच्या उलट दिशेला थोडा कलता ठेवणारा आजचा मजूर तोच विचार करीत असतो.

लेण्याद्रीच्या चैत्यगृहातले, कार्ल्याचे आणि नाशिकचे खांब याहून पुढे जातात. तिथे अष्टकोनी खांब एका घटातून वर उगवल्यासारखा कोरला आहे. हा पूर्णघट मंगलचिन्ह आहे, हे उघडच आहे. पण खांबाच्या तळाशीच घट का? लाकडी खांबाचे बूड ओल आणि वाळवी यांपासून वाचावे म्हणून ते मातीच्या भांड्यात बसवण्याची रीत पूर्वी असावी आणि तीच दगडात उतरली असावी, असा तर्क स्थापत्याच्या अभ्यासकांनी केला आहे. हा तर्कच आहे, परंतु आमच्या मते तो मंगलचिन्हाच्या अर्थाला बाधा आणीत नाही. ज्या वस्तूने घर वाचते ती वस्तू शुभ ठरते, असे आपल्या संस्कृतीत वारंवार घडले आहे. भाजलेली माती कुजत नाही, हे ज्ञान आधी. तिला वाहिलेले हळदकुंकू नंतरचे.

वाड्यांच्या काळात सुतारांनी या प्रश्नाचे अखेरचे उत्तर काढले. त्यांनी खांब जमिनीत घालणेच सोडून दिले. वाड्याचा सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभा राहतो. माती आणि लाकूड यांची गाठच पडत नाही. मात्र हे उत्तर कुंपणाला लागू पडत नाही, आणि इथे घरचा खांब व शिवारातला खांब यांच्या वाटा वेगळ्या होतात. घराच्या खांबावर छपराचे ओझे असते; ते ओझेच त्याला तळखड्यावर दाबून धरते. कुंपणाच्या खांबावर ओझे नसते. त्याला धक्के असतात, वाऱ्याचे, गुरांचे, तारेच्या ताणाचे. माथ्यावर भार नसलेल्या खांबाला उभे राहायचे तर जमिनीच्या पकडीखेरीज आधार नाही. म्हणून घराचा खांब मातीतून सुटला आणि कुंपणाचा खांब मातीतच राहिला.

मग त्या मातीतच निवड करणे आले. मातीत काय टिकते, याची एक विलक्षण यादी मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, सीमावादाच्या प्रकरणात, सापडते. गावांच्या सीमेवर वड, पिंपळ, पळस, सावर, साल, ताड अशी झाडे लावावीत, हे तर तिथे आहेच; परंतु झाडे तोडली जातात आणि माणसे खोटे बोलतात, म्हणून सीमेवर काही गुप्त खुणाही पुराव्यात, असे स्मृतिकार सांगतो. त्यात दगड, हाडे, गाईचे केस, तूस, राख, खापरे, वाळलेले शेण, विटा, कोळसा, खडे आणि वाळू येतात. थोडक्यात, काळ लोटला तरी भूमी जे खात नाही ते सगळे. मनुस्मृतीच्या सामाजिक विधानांशी आमचे काय भांडण आहे, ते इथे सांगण्याची गरज नाही. पण ही यादी शेतकऱ्याच्या अनुभवातून आली आहे, यात शंका नाही. शेण आणि तूस यांचे टिकणे वादग्रस्त आहे. खडे, खापरे, विटा, कोळसा, राख आणि वाळू मात्र मातीत गेल्यावर बदलत नाहीत, आणि खांबाच्या भरावासाठी पुढे जगभर जे साहित्य वापरले गेले ते जवळजवळ सगळे या यादीत आहे. बल्लीचे बूड विस्तवावर करपवून काळे करण्याची रीत हेच सांगते. लाकडाचा वरचा थर आधीच कोळसा करून टाकला की भूमीला खायला एक थर कमी उरतो. अर्थात करपवलेल्या थराला भेग पडली की आतले लाकूड उघडे पडते, म्हणून हा उपाय पुरेसा नाही. तो भरावाच्या जोडीनेच चालतो.

दख्खनच्या जमिनीत हा भराव निवडताना मातीचा स्वभाव पाहावा लागतो. नदीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. खणलेली काळी मातीच खांबाभोवती परत लोटली तर पहिल्या उन्हाळ्यात खांबाभोवती बोटभर फट पडते, आणि पहिल्या वळवाचे पाणी त्या फटीतून थेट बुडाशी उतरते. यावर नुसती धुतलेली खडी घालावी, असे एखाद्याला सुचेल, कारण खडीतून पाणी निथळते. पण निथळून जाणार कुठे? भोवती चिकण काळी माती असेल तर खडीने भरलेला खड्डा म्हणजे एक लहानशी विहीरच होते आणि खांब तिच्यात उभा राहतो. खडीचा उपाय उताराच्या किंवा मुरमाड जमिनीत चालतो, जिथे पाण्याला खाली वाट असते. काळ्या रानात तो फसतो.

तिथे कामाला येतो तो मुरूम, म्हणजे आपल्याच काळ्या कातळाचे अर्धवट कुजून झालेले भरड रूप. मुरूम काळ्या मातीसारखा फुगत नाही. त्यात खडाही असतो आणि खड्याला धरून ठेवणारा बारीक अंशही असतो, त्यामुळे ठासला की तो घट्ट बसतो. खांबाच्या लांबीचा साधारण तिसरा हिस्सा जमिनीत जाईल इतका खड्डा, तळाशी एक चपटा दगड, मग वीतवीतभर मुरूम टाकून पहारेच्या बोथट टोकाने ठासणे, अधूनमधून दगडाच्या कपच्या खांबाला आवळून बसवणे आणि सर्वांत वर खांबापासून बाहेर उतरणारी वरवंटीसारखी भर, म्हणजे पाणी बुडाशी साचणार नाही; अशी ही रीत. एकदम सगळा खड्डा भरून वरून ठोकले तर वरचा थर घट्ट होतो आणि खालचा पोकळ राहतो, म्हणून थरांना महत्त्व. साहित्य योग्य निवडूनही ठासणी चुकली तर खांब हलतो. शेजारच्या अवसरी खुर्दला २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मातीची घनता आणि ओल यांच्या नात्याविषयी स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी जे सूत्ररूपाने शिकतात, ते शिवारात पहारेच्या आवाजावरून ओळखले जाते. भर पक्की झाली की पहारेचा आवाज बदलतो.

या ठासणीने आपल्या शास्त्रांना एक न्याय दिला आहे. संस्कृत शास्त्रग्रंथांतला 'स्थूणानिखननन्याय' हा तो. स्थूणा म्हणजे खांब. खांब रोवणारा तो रोवून, हलवून, पुन्हा ठासतो. त्याप्रमाणे सिद्धान्त मांडणारा स्वतःच आक्षेप घेऊन, त्यांचे निरसन करून आपला पक्ष दृढ करतो. पूर्वपक्ष म्हणजे खांब मुद्दाम हलवून पाहणे. मराठीने हाच अनुभव पंडितांकडे न जाता गोठ्यातून घेतला आणि 'खुंटा हलवून बळकट करणे' हा वाक्प्रचार घडवला. एकच क्रिया शास्त्रात न्याय झाली आणि बोलीत वाक्प्रचार झाली. दोहोंच्या मुळाशी पहार घेतलेला माणूस आहे. समीक्षेच्या वर्गात स्थूणानिखनन शिकवताना आम्ही शंकराचार्यांचे भाष्य सांगतो, खड्डा सांगत नाही. आणि मग विद्यार्थ्याला न्याय पाठ होतो, पण हलवल्याने खांब बळकट कसा होतो, हे कोडे त्याच्या मनात तसेच राहते. उत्तर साधे आहे. हलवल्याने पोकळी उघडी पडते, आणि उघड्या पडलेल्या पोकळीतच भर घालता येते.

आतापर्यंत आम्ही भरावाविषयी लिहिले ते लाकूड मिळते, असे गृहीत धरून. परंतु लाकूड कोणाला मिळाले? १८७८च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगले आखली आणि डोंगरातल्या सागाला, खैराला हात लावणे हा गुन्हा होऊ शकला. महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याने डोंगर-टेकड्या घेऊन शेतकऱ्याच्या गुराढोरांना जागा ठेवली नाही, ही तक्रार तिखट शब्दांत आली आहे. ज्याला सागाचा गाभा मिळत नाही तो बांधावरची बाभूळ तोडतो. बाभळीचा गाभा चिवट असला तरी कोवळ्या बल्लीत गाभा थोडा आणि बाहेरचे पांढरे लाकूड जास्त, आणि वाळवीला तेच प्रिय. म्हणजे हलके लाकूड हा गरिबाचा वाटा. आणि हलके लाकूड टिकवायचे तर भराव अधिक काळजीचा, मेहनत अधिक. भरावाचे कसब ज्या हातांत साठले ते हात बहुतेक अशा माणसांचे होते, ज्यांना चांगले लाकूड परवडत नव्हते.

या हातांचा आणखी एक पदर सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. गावाची शीव कोणती, हे गावात सर्वांत नेमके कोण जाणत होते? शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. शीव चालून दाखवणे हे त्याच्या वतनी कामांपैकी एक होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गांव-गाडा' या ग्रंथात बलुत्या-अलुत्यांच्या कामांची जी तपशीलवार नोंद आहे, ती या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. ज्याला गावाची प्रत्येक खूण तोंडपाठ, त्याचे घर मात्र गावकुसाबाहेर. कूस म्हणजे गावाभोवतीचे कुंपण किंवा तट. दलित साहित्याने 'गावकुसाबाहेरचे' हा शब्द मराठी समीक्षेला दिला, तेव्हा त्यात हा सगळा इतिहास होता. कुंपण कुठे आहे हे जाणणारा माणूस कुंपणाच्या बाहेर, ही विसंगती खांबाच्या इतिहासात बाजूला ठेवता येत नाही. १८३०च्या दशकात पुणे जिल्ह्यातच, इंदापूरपासून, मोजणीवर आधारलेली नवी महसूल व्यवस्था सुरू झाली. हद्द दगडांवर आणि नकाशावर गेली आणि स्मृतीची किंमत उतरली. पुढे १९५८च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार हद्दीच्या खुणा जपण्याची जबाबदारी जमीनधारकावर आहे. जे वतन म्हणून लादले होते ते गेले, हे योग्यच झाले. त्याबरोबर जे ज्ञान गेले, त्याची नोंद मात्र ज्याचे होते त्याच्या नावाने कोणी फारशी करून ठेवली नाही.

तारेने या इतिहासाला नवे वळण दिले. काट्यांच्या वईला खांब लागतो तो फक्त टेकू म्हणून. १८७४ साली अमेरिकेत जोसेफ ग्लिडन याने काटेरी तारेच्या एका सुटसुटीत प्रकाराचे स्वामित्वहक्क मिळवले आणि पुढे ती तार जगभर पसरली. तार ताणावी लागते, आणि ताणलेली तार कोपऱ्याच्या खांबाला अहोरात्र ओढत राहते. आता खांबाला ठासलेल्या मुरमाची पकड अपुरी वाटू लागली आणि सिमेंट आले. लोखंडी अँगलला काँक्रीटचा पाया मानवतो. लाकडाला तो मानवत नाही. ओले लाकूड फुगते, वाळले की आकसते. काँक्रीट जसेच्या तसे राहते. दोहोंत फट पडते, फटीत पाणी उतरते आणि खालून बंद असलेला काँक्रीटचा पेला ते पाणी धरून ठेवतो. खांब पक्का करण्यासाठी केलेला खर्च त्याला कुजवण्याच्या कामी येतो. काँक्रीट घालायचेच असेल तर खांबाचे बूड खडीवर उघडे ठेवून काँक्रीट फक्त भोवती घालावे आणि त्याचा माथा बाहेर उतरता करावा; म्हणजे पुन्हा पाण्याला वाट देण्याचीच जुनी गोष्ट.

भरावाऐवजी लाकडालाच भूमीने न खाण्याजोगे करावे, हा दुसरा आधुनिक मार्ग. त्यातले एक महत्त्वाचे पाऊल आपल्या देशात पडले. १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण तयार केले. ते दाबाखाली लाकडात मुरवले की बुरशी आणि वाळवी या दोघींनाही ते लाकूड खाता येत नाही. पुढे जगभर खांबांसाठी आणि कुंपणांसाठी ते वापरले गेले. पण मनूच्या यादीतले खडे आणि खापरे निरुपद्रवी होते. आर्सेनिक मातीत झिरपते, आणि म्हणून अनेक देशांनी घरगुती वापरातून त्याला हळूहळू दूर केले. आपल्या शिवारात बल्लीच्या बुडाला डांबर किंवा गॅरेजमधले जळके ऑइल फासतात, तो याच विचाराचा स्वस्त भाऊ. तोही विहिरीच्या पाण्याला फारसा भला नव्हे.

आज अवसरी बुद्रुकच्या परिसरात लाकडी खांब मागे पडला आहे. टोमॅटोच्या मांडवाला बांबू लागतात, पण ते हंगामापुरते. पक्क्या कुंपणाला सिमेंटचे तयार खांब आणि लोखंडी अँगल आले. त्याचे एक कारण कालवा आहे. बारमाही भिजणाऱ्या शिवारात ओल आणि हवा यांची गाठ वर्षभर सुटत नाही; कोरडवाहू काळात जी बल्ली उन्हाळाभर सुकून तग धरत असे, तिला आता विसावा मिळत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात उसाबरोबर बिबट्या वस्तीला आला. ऊसच त्याचे रान झाले. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, यावरून या प्रश्नाचे प्रमाण कळावे. या पट्ट्यात माणसे, लहान मुले बळी गेली आहेत. ज्या घरामागे ऊस आहे त्या घराला कुंपण ही आता पिकाच्या राखणीपुरती बाब राहिलेली नाही, आणि संध्याकाळी अंगणात खेळणाऱ्या पोरासाठी हलणारा खांब चालत नाही. तिथे सागाच्या गाभ्याचे गुणगान करण्यात अर्थ नाही. लोखंडी खांब आणि जाळी परवडत असेल त्याने ती लावावी. मात्र खांब कशाचाही असला तरी भरावाचा नियम तोच राहतो. काळ्या मातीत कच्चा ठासलेला लोखंडी खांबही पहिल्या पावसात कलतो.

एक उत्तर आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले, कारण ते इतर सर्व उत्तरांना वळसा घालते. शेर, शेवगा, पांगारा, गिरिपुष्प यांची फांदी बांधावर रोवली की ती मुळे धरते. मेलेल्या लाकडाला भूमी खाते. जिवंत लाकूड भूमीला खाते. तिथे मुरूम नको, डांबर नको. उलट चांगली मातीच भरावी लागते आणि पाणी घालावे लागते. इथे आमच्या भाषेने एक बारकावा जपला आहे. प्रेत आपण पुरतो, धन गाडतो, खिळा ठोकतो. पण खांब रोवतो. भाताच्या लावणीला विदर्भात रोवणी म्हणतात. रोवणे या क्रियापदात रोपाची आशा आहे. जमिनीत घातलेली वस्तू उभी राहावी, जमल्यास वाढावी, अशी. कुंपणाच्या मेलेल्या खांबालाही मराठीने हेच क्रियापद दिले.

पुढच्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गात वाक्प्रचारांचा पाठ येईल तेव्हा 'मेढ', 'वई', 'तळखडा', 'पहार', 'ठासणे', 'रोवणे' हे शब्द घेऊन विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी जावे, ज्यांनी खांब रोवले त्या माणसांना खड्डा किती, भर कशाची, ठासणी कशी हे विचारावे, आणि ते सांगतील त्या शब्दांत, त्यांच्या नावानिशी, लिहून आणावे, असे आम्ही सुचवतो. ती माणसे आता वृद्ध आहेत. त्यांचे खांब पुष्कळ ठिकाणी गेले आहेत. खड्ड्यांतली भर अजून शाबूत आहे.